माटोळीत पाणी, मेंटेनन्सचा संप

पत्र:

«फोंड्याला आम्ही चोवीस फ्लॅटच्या एका सोसायटीत सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. 'आम्ही' म्हणायची सवय जात नाही. हे तीन वर्षांपूर्वी गेले, आता मी एकटीच असते. इमारत अकरा वर्षांची आहे. गेले चार पावसाळे टेरेसचं पाणी माझ्या हॉलच्या स्लॅबमधून खाली उतरतं. सेक्रेटरींना कितीदा तोंडी सांगितलं, व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकले, अंगठ्यापलीकडे उत्तर नाही. शेवटी गेल्या वर्षीच्या जुलैपासून मी महिन्याचा 1,800 रुपये मेंटेनन्स भरायचा बंद केला. यंदा चवथीला पंख्याच्या हुकाजवळून थेंब थेंब पाणी गणपतीच्या वर फळाभाज्या टांगून बांधलेल्या माटोळीत पडत होतं, खाली बांधलेल्या चिबडावरून ओघळून गणपतीच्या पाटापर्यंत आलं. दुसऱ्या दिवशी बोर्डावर नोटीस: यांच्या नावापुढे 'डिफॉल्टर' आणि 25,200 रुपयांचा आकडा. गेलेल्या माणसाचं नाव! जाब विचारला तर चेअरमन म्हणाले, 'तुम्ही मेंबरच नाही, शेअर सर्टिफिकेट तुमच्या नावावर नाही, सभेत तुम्हाला बोलता येणार नाही.' पाणी बंद करू, असंही कुणीतरी जिन्यात बोललं. पुण्याचा मुलगा म्हणतो, सहकार न्यायालयात खेच त्यांना. मडगावची मुलगी म्हणते, विकून टाक आणि माझ्याकडे ये. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी वार्षिक सभा आहे. मी काय करू? आणि दिवाळीआधी छताला रंग काढून घेऊ का?»

— एक त्रस्त वाचक, फोंडा

ताई, नमस्कार.

सोसायटीचं नंतर बोलू. पंख्याच्या हुकाजवळून पाणी येतंय म्हणजे ते वायरच्या पाइपातूनही येत असणार. आजच मीटरबोर्डावरचा हॉलचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, खाली पाडा आणि वायरमनने तपासून दिल्याशिवाय वर करू नका. चार दिवस टेबलफॅनवर काढा. एवढं झालं की पुढचं वाचा.

तुमच्या पत्रात एक नाही, तीन भांडणं आहेत आणि ती एकमेकांत गुंतली आहेत. टेरेस गळतं, हे एक. तुम्ही पैसे थांबवले, हे दुसरं. सभासदत्व अजून तुमच्या यजमानांच्या नावावर आहे, हे तिसरं. तुम्हाला पहिलं दिसतं, समितीला दुसरं दिसतं आणि तिसरं त्यांनी हुकमाच्या पत्त्यासारखं राखून ठेवलं आहे. पहिल्या भांडणात तुमची बाजू शंभर टक्के खरी आहे. पण दुसऱ्यात तुम्ही चुकलात आणि तिसऱ्यात आळस केलात, म्हणून पहिलं आज कोणी ऐकून घेत नाही. स्पष्ट लिहितोय, राग मानू नका.

मेंटेनन्स थांबवणं हा आपल्याकडचा फार लाडका उपाय. मी स्वतः म्हापशात सोळा फ्लॅटच्या सोसायटीचा चार वर्षं सेक्रेटरी होतो, म्हणजे रात्री अकराला 'पंप चालू राहिलाय' म्हणून ज्याची बेल वाजते तो माणूस. पगार नाही, चहासुद्धा स्वतःचा. त्या चार वर्षांत तीन सभासदांनी माझ्यावर हा संप केला. एकाची तक्रार पार्किंगची होती, एकाची खालच्या दुकानाच्या धुराची, तिसऱ्याची मला अजून कळलेली नाही. तिघांच्या वेळीही समितीच्या बैठकीत एकच वाक्य झालं: 'आधी पैसे भरायला सांगा, मग बघू.' तक्रार फायलीत राहिली, थकबाकी मात्र विषयपत्रिकेवर आली. आम्हाला ते सोयीचंच होतं, हे आज कबूल करायला हरकत नाही. काम न करण्याला याहून चांगलं निमित्त समितीला मिळत नाही.

कायद्याच्या नजरेतही मेंटेनन्स ही दुरुस्तीची किंमत नाही. जिन्यातला दिवा, वॉचमन, पंपाचं वीजबिल, लिफ्टचा करार या रोजच्या खर्चातला तो तुमचा वाटा. टेरेस गळलं म्हणून वॉचमनचा पगार थांबत नाही, तो तुमच्या वाटचा बाकीचे तेवीस जण भरतात. त्यातले बारा जण एरवी तुमच्या बाजूने बोलले असते, पण आता ते हिशोब बघतात.

म्हणून सभेच्या आधी सगळे 25,200 रुपये भरा. रोख नको. चेकने किंवा बँकेतून सोसायटीच्या खात्यात भरा आणि सोबत एक पत्र द्या. पत्र लांब नको, साधारण असं:

'माझ्या फ्लॅटची गेल्या वर्षीच्या जुलैपासून यंदाच्या ऑगस्टपर्यंतची, चौदा महिन्यांची मेंटेनन्सची रक्कम रुपये 25,200 आज जमा केली आहे. टेरेसच्या गळतीची माझी तक्रार आणि झालेल्या नुकसानीची भरपाई मागण्याचा हक्क राखून ही रक्कम भरत आहे. थकबाकीवर व्याज लावणार असल्यास ते कोणत्या उपविधीनुसार (बायलॉनुसार) आणि किती दराने, हे लेखी कळवावे. रक्कम मिळाल्याची पावती द्यावी आणि बोर्डावरची नोटीस काढावी.'

'हक्क राखून' हे दोन शब्द गाळू नका, सगळं वजन त्यांच्यात आहे. पत्राच्या दोन प्रती काढा, एक सेक्रेटरींना द्या आणि दुसरीवर त्यांची सही व तारीख घ्या. सही द्यायला नकार दिला तर वाद न घालता घरी या आणि तेच पत्र सोसायटीच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवा. पोस्टाची पावती त्याच प्रतीला टाचून ठेवा. व्हॉट्सॲपवरचा अंगठा म्हणजे पोच नव्हे. चार पावसाळे तुम्ही तक्रार केलीत हे मला मान्य आहे, पण कागदावर आजवर एकही तक्रार नाही.

नोटीस बोर्डाचं मला वाईट वाटलं. थकबाकीची यादी सभेच्या कागदपत्रांत देणं वेगळं, तीन वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं नाव चवथीच्या दुसऱ्या दिवशी जिन्याखाली लावणं वेगळं. पण अब्रूनुकसानीच्या वाटेला जाऊ नका. वकिलाचा खर्च सहज थकबाकीच्या वर जाईल आणि टेरेस तसंच गळत राहील. पैसे भरल्याची पावती हातात आली की त्या कागदाला तिथे राहायला कारण उरत नाही. नोटिशीचा एक फोटो तेवढा काढून ठेवा.

पाणी बंद करण्याची भाषा जिन्यातली आहे, तिला जिन्यातच राहू द्या. थकबाकी वसूल करायचा रस्ता सहकार निबंधकांकडून जातो, पाण्याच्या वॉल्व्हकडून नाही. खरंच कोणी वॉल्व्हला हात लावला, तर त्याच दिवशी निबंधकांच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या.

आता सभासदत्वाचं. इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण या बाबतीत गोवा बाकी देशासारखा नाही.

कपाटातून फ्लॅटचं विक्रीखत काढा आणि खरेदीदारांची नावं बघा. लग्नानंतर घेतलेला फ्लॅट असेल तर आपल्याकडे बहुधा नवरा-बायको दोघांची नावं असतात. तुमचं नाव असेल तर निम्मं काम झालं. नसलं तरी घाबरू नका. लग्न गोव्यात नोंदलेलं असेल आणि लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या आपल्या नागरी कायद्याने सगळी मालमत्ता दोघांची सामाईक असते. फ्लॅटचा अर्धा भाग आधीपासूनच तुमचा होता, तो वारशाने यायचा प्रश्नच नाही. वारसा लागतो तो यजमानांच्या अर्ध्याला, आणि तो मुलांकडे समान वाट्याने जातो. म्हणजे आज या फ्लॅटचे मालक तुम्ही, मुलगा आणि मुलगी असे तिघे आहात.

यासाठी तालुक्याच्या सब-रजिस्ट्रार कार्यालयातल्या स्पेशल नोटरीकडे वारसदाखल्याचा दस्त करून घ्यावा लागतो. लोक त्याला 'डीड ऑफ सक्सेशन' म्हणतात आणि जुनी माणसं अजून पोर्तुगीज नावाने ओळखतात. आता हे काम 2012 च्या गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही कायद्याखाली चालतं. त्याची सूचना वर्तमानपत्रात प्रसिद्ध होते. सकाळी पेपर उघडला की मागच्या पानांवर बारीक अक्षरात दिसतात त्याच त्या. मुलाबाळांत एकमत असेल तर हे काम सरळ असतं. वाटण्यांवरून वाद असेल तरच न्यायालयात इन्व्हेंटरीची, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी करायची पायरी येते. एक गंमत सांगून ठेवतो: सामाईक मालमत्तेचा नियम मुलांच्या लग्नांनाही लागू असेल, तर सून आणि जावई यांच्या सह्यांची गरज पडते. पुण्याच्या मुलाचं लग्न कुठे नोंदलं आहे यावरून थोडा फरक पडेल. ते स्पेशल नोटरीला आधीच विचारा, नाहीतर मुलाला दोनदा गाडी करून यावं लागेल.

सोसायटीसाठी मात्र एवढं सगळं पूर्ण व्हायची वाट बघत बसायला नको. यजमानांनी सोसायटीकडे नामनिर्देशन, म्हणजे नॉमिनेशनचा फॉर्म भरला होता का, ते सेक्रेटरींना लेखी विचारा. अकरा वर्षांपूर्वी सोसायटी नोंदवताना बिल्डरच्या माणसाने सगळ्यांकडून फॉर्म भरून घेतलेले असतात आणि त्यात बायकोचं नाव असतं. कोणाला आठवत नाही एवढंच. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये पश्चिम बंगालच्या एका सोसायटीच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे की वैध नामनिर्देशन असेल तर सोसायटीने सभासदत्व त्या व्यक्तीच्या नावे करून द्यायचं. मालकी कोणाची हा वारसांचा प्रश्न वेगळा, तो वेगळ्या ठिकाणी सुटतो. मृत्यूचा दाखला, मूळ शेअर सर्टिफिकेट, विक्रीखताची प्रत आणि दोन्ही मुलांचं 'आमची हरकत नाही' असं पत्र जोडून सभासदत्व हस्तांतराचा अर्ज याच आठवड्यात द्या. पोच घ्या. सभेपर्यंत तो मंजूर होणार नाही, पण 'तुम्ही मेंबर नाही' या वाक्याची धार जाते. अर्ज कोणाकडे पडून आहे, हा प्रश्न मग चेअरमनना विचारता येतो.

अर्ज मंजूर होईपर्यंत सभेत तुमचा विषय दुसऱ्या सभासदाकडून आणवा. वरच्या मजल्यावर तुमच्यासारखे आणखी पाच-सहा फ्लॅट असतील. त्यांच्या छताला ओल नाही असं मी मानायला तयार नाही, त्यांनी ती रंगाखाली दडवली असेल. त्यांच्या घरी चहाला जा आणि वर बघा. दोघा-तिघांच्या सह्यांचं पत्र सेक्रेटरींना द्या की 'टेरेसची गळती, इंजिनिअरकडून तपासणी आणि दुरुस्तीचा खर्च' हा विषय सभेच्या विषयपत्रिकेत घ्यावा. आयत्या वेळचा विषय म्हणून उभं राहिलात तर 'पुढच्या सभेत घेऊ' असं होतं, आणि पुढची सभा म्हणजे पुढचं वर्ष. मुदत निघून गेली म्हणून विषय घेतला नाहीच, तर ठराविक संख्येच्या सभासदांनी लेखी मागणी करून विशेष सर्वसाधारण सभा बोलावता येते. ती संख्या तुमच्या उपविधींत दिलेली असेल. उपविधींची प्रत मागून घ्या, ती फी भरून मागायचा सभासदाला हक्क आहे. आपल्या सोसायट्यांत लोक बायलॉजच्या नावाने भांडतात आणि बायलॉज कोणी वाचलेले नसतात.

आणि गोव्यात हे सगळं तीन भाषांत होतं. भांडायचं कोकणीत, इतिवृत्त लिहायचं इंग्रजीत आणि मन मोकळं करायचं माझ्यासारख्याकडे मराठीत. सभेनंतर इतिवृत्ताची प्रत मागा आणि बोललेलं आणि लिहिलेलं एकच आहे का ते बघा. आमच्याकडे एका सभेत एक काका घरून बादली घेऊन आले होते, अर्धी भरलेली, वर चुन्याचे पोपडे तरंगत होते. अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली आणि काही न बोलता बसले. सगळी सभा त्या बादलीभोवती झाली. इतिवृत्तात मी लिहिलं: 'काही सभासदांनी गळतीचा मुद्दा उपस्थित केला.' बादलीचा उल्लेख नाही. वाचून दाखवताना काका उठून गेले. ते बरोबर होते.

टेरेसकडे येण्याआधी पुन्हा विक्रीखत. त्याच्या शेवटी परिशिष्टात फ्लॅटचं वर्णन असतं, तिथे टेरेसबद्दल काही आहे का ते नीट वाचा. आपल्याकडे काही बिल्डर टेरेसचा वापर वरच्या मजल्यावरच्या एखाद्या फ्लॅटला विकून टाकतात. टेरेस कोणाच्या खास हक्कात असेल तर दुरुस्ती कोणी करायची हा प्रश्न आधी त्या कागदावर सोडवावा लागेल. तसं काही नसेल तर टेरेस सामाईक आणि त्याची दुरुस्ती सोसायटीची. तुमची सोसायटी 'हाउसिंग मेंटेनन्स सोसायटी' म्हणून नोंदलेली असली तरी यात फरक पडत नाही, कारण नावाप्रमाणे सामाईक भागांची देखभाल हाच तिचा धंदा. तळमजल्यावरचे म्हणतील, 'टेरेस आम्ही वापरत नाही.' तेही छत्रीशिवाय राहतात ते त्याच टेरेसखाली, मधे फक्त तीन मजले जास्त आहेत. हे सभेत बोलायला हरकत नाही, पण तुम्ही नका बोलू, शेजाऱ्याला बोलू द्या.

लोक सभेत 'टेरेस दुरुस्त करा' एवढंच म्हणतात आणि तिथेच विषय मरतो, कारण खर्च किती हे कोणाला माहीत नसतं. म्हणून आधी कारण शोधायला हवं. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. एवढ्या पाण्यापुढे टेरेसवरचा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, किती वर्षं टिकेल हे उतारावर आणि पाणी जायच्या पाइपांवर ठरतं. निम्म्या गळत्या त्या पाइपांच्या तोंडाशी असतात. वाळकी पानं आणि प्लॅस्टिक अडकतं, पाणी बोट-दोन बोटं साठतं आणि कठड्याच्या सांध्यातून आत शिरतं. उरलेल्यांत पाण्याच्या टाकीचा ओव्हरफ्लो, डिश अँटेना बसवायला मारलेले खिळे आणि सोलरचे पाइप. इंजिनिअर आला की तो टेरेसचा थोडा थोडा भाग मातीच्या बांधाने अडवून एक दिवस पाणी भरून ठेवतो आणि खाली कुठे ओल उमटते ते बघतो. ही चाचणी पाऊस गेल्यावर करायची. पावसात सगळंच ओलं, काही कळत नाही.

यावरून सभेत मागायचं काय ते ठरतं. वॉटरप्रूफिंगचं काम ओल्या स्लॅबवर होत नाही, तो वाळला पाहिजे. म्हणजे दिवाळीनंतर चाचणी, जानेवारीपर्यंत तीन दरपत्रकं, आणि मे संपायच्या आत काम पूर्ण. ठरावात या तारखा लिहून घ्या. तारीख नसलेला ठराव पुढच्या जूनमध्ये तुमच्या हॉलमध्ये गळेल. पैशाचंही तिथेच ठरवा. समजा खर्च 3,60,000 रुपये आला, तर फ्लॅटमागे 15,000. सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या कामांसाठी साठवलेल्या निधीत, काही असेल तर त्यातून, उरलेलं चार हप्त्यांत. आकडा ऐकून लोक घाबरतात, हप्ता ऐकून हो म्हणतात.

कोणीतरी पत्रे घालायची सूचना नक्की करेल. गोव्यातल्या इमारतींवर निळे-लाल पत्रे का दिसतात ते तुम्हाला सांगायला नको. उपाय चालतो, पण पंचायतीची किंवा पालिकेची परवानगी लागते, वाऱ्याला टिकेल असा सांगाडा लागतो आणि एकदा पत्रे आले की वर्षभरात खाली कोणाची तरी जुनी कपाटं येतात. माझं मत विचाराल तर आधी स्लॅब दुरुस्त करा. गळका स्लॅब पत्र्याखाली झाकून ठेवला की आतली सळई गंजते आहे की नाही हे बघायला कोणी वर जात नाही.

बिल्डरला पकडावं असंही कोणी म्हणेल. रेरा कायद्यात बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षं असते. तुमची इमारत अकरा वर्षांची, म्हणजे ते दार बंद आहे. हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांचा ताबा तीन-चार वर्षांपूर्वीचा आहे त्यांनी मात्र उद्याच बिल्डरला लेखी कळवावं.

आता पुण्याच्या चिरंजीवांचं सहकार न्यायालय. त्यांना सांगा, त्यांचा सल्ला पुण्यात बरोबर आहे. महाराष्ट्रात सोसायटीचे वाद सहकार न्यायालयात जातात, तिथल्या 1960 च्या कायद्यात 2019 मध्ये गृहनिर्माण संस्थांचं वेगळं प्रकरण आलं, फ्लॅटखरेदीचा मोफा कायदा आहे, बिल्डरने टाळलं तरी जमीन-इमारत सोसायटीच्या नावे करून घ्यायचं डीम्ड कन्व्हेयन्स आहे. आपल्याला मराठी व्हिडिओ आणि फॉरवर्ड येतात ते सगळे तिथले. गोव्यालाही पूर्वी तोच 1960 चा कायदा लागू होता, म्हणून शब्द ओळखीचे वाटतात. पण आता आपला स्वतःचा 2001 चा गोवा सहकारी संस्था कायदा आहे. सभासद आणि सोसायटी यांच्यातला वाद इथे त्या कायद्याच्या कलम 83 खाली निबंधकांपुढे जातो. निबंधकांचं मुख्य कार्यालय पणजीत पाट्टोवर सहकार संकुलात आहे, पण तुमचा अर्ज तुमच्या विभागाच्या सहाय्यक निबंधकांकडे जाईल. ते स्वतः ऐकतात किंवा नेमलेल्या व्यक्तीकडे देतात. निकाल पटला नाही तर पुढे सहकार लवाद आहे. सभासदाच्या जागी हक्क सांगणाऱ्या वारसालाही इथे दाद मागता येते, म्हणजे 'तुम्ही मेंबर नाही' हे तिथे चालायचं नाही.

सभेत काहीच झालं नाही, किंवा ठराव होऊन जानेवारीपर्यंत पान हललं नाही, तर तिथे जा. त्याआधी नको. निबंधकांकडची प्रकरणं तारखांवर चालतात आणि तुमच्या वयाला त्या खुर्च्या सोसणार नाहीत. पण गेलात तर तुमच्या हातात काय असेल बघा: भरलेल्या पैशांची पावती, हक्क राखून दिलेलं पत्र, हस्तांतराच्या अर्जाची पोच, इंजिनिअरचा अहवाल, सभेचं इतिवृत्त आणि चवथीच्या दिवसाचे फोटो. आज गेलात तर एवढंच असेल: चौदा महिन्यांची थकबाकी.

वकिलाच्या खर्चाची चिंता असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळते. फोंड्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीकडे चौकशी करा. यात कमीपणा वाटून घेऊ नका. पेन्शन आहे, फ्लॅट आहे म्हणून संकोच करणाऱ्या पुष्कळ बायका मी पाहिल्या. हा हक्क गरिबीवर अवलंबून नाही.

माहिती अधिकारात सोसायटीला अर्ज करा, असं ग्रुपवर कोणी सुचवलं तर त्यात वेळ घालवू नका. सहकारी संस्था सरसकट त्या कायद्याखाली येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्येच सांगितलं आहे. निबंधकांकडे असलेली कागदपत्रं, म्हणजे ऑडिट अहवाल वगैरे, त्या कार्यालयाकडून मात्र मागता येतात.

मुलीचं म्हणणं, विकून टाक. ते तुमच्या मनाचं आहे, मी त्यात पडणार नाही. पण एक व्यवहार: गळकं छत, थकबाकी आणि यजमानांच्या नावावरचं शेअर सर्टिफिकेट, अशा अवस्थेत फ्लॅट विकायला काढलात तर घेणारा या तिन्हींचे पैसे कापूनच बोलेल. विकायचं असो की राहायचं असो, वर सांगितलेली कामं तशीच करावी लागतात.

सभेला एकट्या जाऊ नका. मुलीला आणा, पण तिला मागे बसवा. तिने बोलायचं नाही, फक्त लिहून घ्यायचं. सेक्रेटरींवर ओरडू नका, तुम्ही आणि मी समजतो त्याहून त्यांची झोप जास्त जाते. ते पुढच्या वर्षी बदलतील, टेरेस बदलणार नाही.

आणि रंग. दिवाळीआधी नको. ओल आत असताना वर रंग दिला तर महिन्याभरात फुगून पोपडे येतील, पैसे गेले. शिवाय इंजिनिअरला डाग जसेच्या तसे दिसायला हवेत. पेन्सिलीने त्या डागाच्या कडेने एक रेघ ओढून बाजूला तारीख टाका, आणि पाऊस ओसरेपर्यंत दर रविवारी नवी रेघ. सुटलेला गिलावा तेवढा कोणाकडून तरी खरवडून घ्या, तो डोक्यावर पडायला नको. रंग पुढच्या पावसाळ्यात पहिले पंधरा दिवस छत कोरडं राहिलं की मग काढा, चवथीच्या आधी होऊन जाईल.